जिच्या हाती फोन नाही, तिच्याच नेटला कुलूप

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या पालकसभांत हल्ली एक मागणी हमखास पुढे येते, आणि ती मांडणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. शाळेच्या संगणकांवर आणि वायफायवर ठरवून दिलेल्या साइटच उघडाव्यात, यूट्यूब बंद असावे, कोणी काय शोधले याची नोंद राहावी आणि दप्तरात फोन सापडला तर सरांनी तो उघडून पाहावा, अशी ती मागणी. ‘माकडाच्या हाती कोलीत कशाला द्यायचे?’ हे वाक्य पाठोपाठ येतेच. माना डोलतात, ठराव होतो, नेटवाल्याला फोन जातो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई केली, तेव्हापासून तर या मागणीला पुढारलेल्या देशाचा दाखलाही मिळाला आहे.

मला ही मागणी मान्य नाही. तिच्यामागची भीती मात्र खरी आहे, हे आधीच सांगते. फोटो मागवून घेऊन नंतर त्याच फोटोवर पैसे उकळणारे लोक, खेळाच्या नावाखाली बापाच्या खात्यातले पैसे लावायला शिकवणारी ॲप, वर्गातल्या मुलीचा चेहरा भलत्याच शरीरावर चिकटवून ग्रुपवर फिरवणारी पोरे, हे सगळे आपल्या गावांपर्यंत आलेले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारला २०२५ साली कायदा करून बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे. ज्या आईने रात्री दोन वाजता मुलाच्या पांघरुणाखाली उजेड पाहिला आहे, तिला ‘काळजी करू नका’ असे सांगण्याची माझी हिंमत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की त्या पांघरुणाखालच्या उजेडाशी शाळेतल्या फिल्टरचा काडीचाही संबंध नाही.

फिल्टर काम कसा करतो हे ठराव करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून ते सांगायला हवे. नेटवाला शाळेच्या राउटरमधला डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलतो किंवा संगणकांवर एक सॉफ्टवेअर टाकतो. मुलाने एखादी साइट मागितली की तिचे नाव आधी एका यादीत तपासले जाते. जुगार, हिंसा, प्रौढ, खेळ, गप्पा असे गट पाडून त्या यादीत लाखो साइट टाकलेल्या असतात. यादी कुठल्या तरी दूरच्या कंपनीची. ती बहुतांशी यंत्रे बनवतात, आणि त्या यंत्रांना मराठी मजकूर कितपत कळतो याचा हिशेब शाळेला कोणी देत नाही. गट बंद, की साइट बंद. आणि हे सगळे फक्त शाळेच्या केबलवर. ज्याच्या खिशात स्वतःचे सिम आहे, त्याचा डेटा त्या केबलमधून जातच नाही. तो कर्जतला खोपोली गाडीत बसतो आणि पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत घरी पोहोचेपर्यंत हवे ते पाहतो. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या भिंतीआड मित्रांना हॉटस्पॉट मारून देतो. त्याच्यासाठी फिल्टर असला काय आणि नसला काय.

मग तो लागतो कोणाला? ‘असर’च्या २०२३ सालच्या शैक्षणिक पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची ग्रामीण मुले होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्के जणींकडे. निम्म्याहूनही कमी. हाच भेद आपल्या तालुक्यांत जात, वाडी आणि उत्पन्नाच्या रेषेवर आणखी रुंद होतो. ठाकरवाडीतल्या किंवा कातकरीवाडीतल्या मुलीच्या घरी फोन असलाच तर तो बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो, आणि तो वीटभट्टीवर गेला की फोनही त्याच्याबरोबर जातो. कर्जतच्या चारी बाजूंना उभ्या राहिलेल्या फार्महाऊसच्या फाटकांवर वायफायच्या पाट्या आहेत. द्रुतगती मार्ग खालापुरातून धावतो. त्याच डोंगरांतल्या वाडीत मात्र रेंज धरायला कोणत्या दगडावर उभे राहायचे हे पोरांना पाठ असते. टाटांचे वीजकेंद्र खोपोलीत १९१५ साली आणि भिवपुरीत १९२२ साली सुरू झाले. त्या विजेने मुंबई उजळली आणि तारांखालच्या वाड्या पुढे कित्येक दशके चिमणीच्या उजेडात राहिल्या. नेटच्या बाबतीत तीच वाटणी पुन्हा होते आहे, आणि तिच्यात शाळेचा संगणक हे एकच ठिकाण असे आहे की जिथे त्या मुलीला आपले म्हणून नेट मिळते. तिथेच आपण कुलूप घालतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला मदत करायला गेले होते. शाळेचे नाव देत नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नाही. नववीच्या तीन मुलींनी रक्तक्षय हा विषय घेतला होता. मुलींमध्ये तो जास्त का, हे तक्त्यावर लिहायचे होते, म्हणून एकीने मासिक पाळीतल्या रक्तस्रावाबद्दल शोधले. नावे आली. तिने पहिल्यावर टिचकी मारली, पडदा लाल झाला. दुसऱ्यावर मारली, पुन्हा लाल. वर इंग्रजीत दोन ओळी, खाली गटाचे नाव: ‘ॲडल्ट’. बाकीचे इंग्रजी तिला वाचता आले नाही, तो शब्द आला. तिने झटकन मॉनिटरचे बटण दाबून पडदा काळा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चुकून झालं, ताई.” बाईंनी नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, ते वरून बंद आहे. पासवर्ड कंपनीकडे असतो.” शेवटी बाईंनी स्वतःचा फोन दिला आणि तक्ता पुरा झाला. पण त्या मुलीने त्या दिवशी जे शिकायचे ते शिकून घेतले होते: आपल्या शरीराविषयी विचारणे ही चूक आहे आणि ती कुठेतरी नोंदली गेली आहे.

‘एखाद्या वेळी होते असे, कंपनीला सांगितले की दुरुस्त होईल,’ असे उत्तर येते. एखाद्या वेळी होत नाही. अमेरिकेत २००० साली कायदाच झाला, की सरकारी सवलतीचे नेट घेणाऱ्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी फिल्टर लावलाच पाहिजे. त्यानंतर दोनच वर्षांनी कैसर फॅमिली फाउंडेशनने आरोग्याच्या साइटवर फिल्टर तपासून पाहिले. सर्वांत सैल ठेवले तेव्हा आरोग्यविषयक १.४ टक्के साइट अडल्या, सर्वांत कडक ठेवले तेव्हा २४ टक्के. आणि कडक केल्याने अश्लील मजकूर अडण्याचे प्रमाण फारसे वाढले नाही. आपल्या पालकसभेत ‘जितके कडक तितके बरे’ म्हणून जे बटण शेवटपर्यंत फिरवले जाते, त्याचा खरा अर्थ हा आहे. यूट्यूबने स्वतःच्या ‘रिस्ट्रिक्टेड मोड’मधून, म्हणजे मुलांसाठी मजकूर गाळणाऱ्या सोयीतून, समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचे साधे बोलणेही लपवले गेल्याचे २०१७ साली कबूल केले, आणि लाखो चित्रफिती परत दिसू लागल्या. ही जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक. आपल्या राउटरमधल्या यादीची चूक कोण कबूल करणार, आणि कोणाजवळ?

सरकारी बंदीचा अनुभवही याहून वेगळा नाही. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाल्यानंतर जेमतेम वीसेक पाने बंद करण्याचा हुकूम निघाला. नेट पुरवणाऱ्यांनी ब्लॉगस्पॉटच्या सगळ्या ब्लॉगनाच टाळे ठोकले. डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून ३२ साइट बंद झाल्या. त्यांत जगभरचे प्रोग्रामर ज्यावर काम करतात ते गिटहब होते आणि हजारो जुनी मराठी पुस्तके ज्यावर फुकट वाचता येतात ते आर्काइव्हही होते. दोन्ही वेळा ओरड झाली म्हणून बरेच काही परत सुरू झाले. ओरडायला संपादक होते, वकील होते, कंपन्या होत्या. कर्जतच्या संगणक खोलीतल्या मुलीच्या वतीने ओरडणारे कोणी नसते. तिला साइट उघडत नाही म्हणजे ‘नेट चालत नाही’ एवढेच समजते.

काही जण म्हणतात, असले प्रश्न मुलांनी नेटला विचारूच नयेत, घरी विचारावेत. घरी विचारता आले असते तर र. धों. कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’ काढावे लागले नसते. दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेल्या या प्राध्यापकाने जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, ते मासिक चालवले. १९३४ साली त्यांच्यावर जो अश्लीलतेचा खटला झाला, तो त्यांनी आपण होऊन लिहिलेल्या एखाद्या लेखावर नव्हता. वाचकांनी पत्रातून विचारलेल्या खाजगी प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवर होता. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. ती पत्रे लिहिणारे कोण होते? ज्यांना घरात, गावात, वैद्याकडे तोंड उघडता येत नव्हते अशी माणसे. आज नववीतली मुलगी शोधाच्या चौकटीत जे लिहिते, तेच ते पत्र आहे. आपण तिचे पत्र अडवतो आणि शिवाय ते कोणी पाठवले याची नोंदही ठेवतो. २००७ साली याच महाराष्ट्राने लोकप्रतिनिधींच्या विरोधापुढे नमते घेऊन शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगणे, पाहणे याविषयी अत्यंत कडक निकाल दिला, आणि त्याच निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला. कायद्याचा धाक आणि मोकळी माहिती ही एकाच संरक्षणाची अंगे आहेत, हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला पटले. पालकसभेला पटायला हरकत नाही.

आता देखरेखीविषयी. बदलापूर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. तिथल्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्यांवर जे लैंगिक अत्याचार झाले, त्यानंतर कर्जतपर्यंतच्या प्रत्येक घरात धास्ती बसली आणि ‘नजर ठेवा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. पण त्या प्रकरणात खरोखर काय घडले ते आठवावे. धोका शाळेच्या इमारतीत होता, शाळेनेच आत घेतलेल्या माणसाकडून होता. कॅमेऱ्यांचे चित्रण मिळाले नाही. मुलींनी घरी सांगितले म्हणून ते उघड झाले. आणि त्यांच्या आईवडिलांचे ऐकून घ्यायला पोलिस ठाण्यात कित्येक तास गेले, म्हणून लोक रुळांवर उतरले. मूल बोलले, मोठ्यांनी ऐकायला वेळ लावला. यातून धडा घ्यायचा तर मुलाला बोलायला अधिक सोपे जाईल असे काहीतरी करायला हवे. ज्या शाळेत आपण काय शोधतो यावर नजर आहे हे मुलीला ठाऊक आहे, तिथे ‘मला एकजण फोटो मागतोय’ हे ती कोणाला सांगेल? पहिला प्रश्न येईल, ‘तू मुळात त्या साइटवर गेलीसच का?’

फोन उघडून पाहण्याचा अधिकार शिक्षकांना कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. वर्गात फोन नको, हा नियम शाळेने जरूर करावा. मीही त्याच्या बाजूने आहे. फोन घ्यावा, पाकिटात घालावा, सुटीनंतर पालकांच्या हाती द्यावा. पण गॅलरी चाळणे, चॅट वाचणे आणि शिक्षकखोलीत त्याची चर्चा करणे हा शिस्तीचा भाग नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितले, आणि अठरा वर्षांखालच्यांना त्यातून वगळलेले नाही. केरळात कोळिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करायचा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो नाकारला, तिला वसतिगृहातून काढले, आणि ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी नेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचाच भाग ठरवला आणि तिला परत घ्यायला लावले.

ती महाविद्यालयात होती, आपली मुले शाळेत आहेत, हे खरे. पण वसतिगृहाचा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू होतो. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत मुले वर्षाचे दहा महिने राहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीतली कित्येक मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. अशा मुलांना शाळेतून सुटून जायला दुसरी जागा नाही. शाळेची बंदी त्यांच्यासाठी दिवसाचे चोवीस तास असते, आणि जगाकडे उघडणारी खिडकी किती उघडायची हे एक राउटर ठरवतो.

मुलांच्या बोलण्यावरची शिक्षाही याच प्रवृत्तीतून येते. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर एक पोस्ट पुढे पाठवली, काही तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरी महाविद्यालयाने तिचे म्हणणेही न ऐकता तिला काढले आणि पोलिसांनी अटक केली. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि महाविद्यालयाला खडे बोल सुनावून तिला सोडायला सांगितले, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली. सुधारायची संधी द्यायची की आयुष्य उद्ध्वस्त करायचे, एवढाच प्रश्न तिथे होता. शाळेच्या नोंदवहीत ‘अमुक तारखेला अमुक शोधले’ असे लिहून ठेवणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करतो. नियमांत शाळांना सूट आहे, पण ती शिकवण्यापुरती आणि सुरक्षिततेपुरती. उगाच साठवून ठेवलेल्या नोंदी त्यात बसत नाहीत.

आणि ऑस्ट्रेलिया? त्या कायद्याचा दाखला देणाऱ्यांनी तो वाचलेला दिसत नाही. तिथे दंड कंपन्यांना आहे, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना नाही, आईबापांना नाही, शाळांना नाही. शिक्षणाच्या आणि आरोग्याच्या सेवा त्यातून वगळल्या आहेत. तो कायदा योग्य की अयोग्य यावर दोन मते असू शकतात. मला स्वतःला वयाची खात्री करण्याच्या त्याच्या रीतीविषयी शंका आहे. पण त्याचा रोख मुलांना चिकटवून ठेवणारी यंत्रे बनवणाऱ्यांवर आहे. आपण तो रोख फिरवून नववीतल्या मुलीवर धरला आहे.

काहीच अडवू नये असे मी म्हणत नाही. मुलांच्या शोषणाचा मजकूर, उघड अश्लील साइट, जुगार, व्हायरस पसरवणाऱ्या साइट शाळेत बंद असाव्यात. त्याबद्दल वाद नाही. पण काय बंद आहे ते मराठीत लिहून संगणक खोलीच्या दारावर लावलेले असावे. अडलेले पान उघडायचा पासवर्ड शाळेतल्या शिक्षिकेकडे असावा, ठाण्या-मुंबईतल्या कंपनीकडे नको. लाल पडद्यावर मराठीत लिहावे की हे पान चुकून अडले असेल तर बाईंना सांग, यात तुझी चूक नाही. हे ठरवण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहेच. शिक्षणहक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. मासिक पाळीचे पान ‘ॲडल्ट’ गटात ठेवायचे का, हे त्या आयांना विचारून तरी पाहा. आणि फोटो मागणाऱ्याला ब्लॉक कसे करायचे, खाते खाजगी कसे करायचे, मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा १९३० हे क्रमांक केव्हा लावायचे, हे वर्गात शिकवा. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत समाजमाध्यमे वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना नको असलेल्या माणसाला ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होते. उरलेल्या ३८ टक्क्यांना ते येत नाही, आणि हे कुठलाही फिल्टर शिकवत नाही.

‘शिकवणार कोण? शिक्षकांना निवडणुकीची कामे आहेत, सर्वेक्षणे आहेत, अर्ध्या जागा रिकाम्या आहेत.’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. केंद्राच्या संगणक शिक्षणाच्या आयसीटी योजनेतून नेमलेले संगणक शिक्षक करार संपल्यावर घरी गेले, संगणक मात्र खोलीत राहिले. माणूस महाग म्हणून यंत्र बसवले, हे खरे कारण आहे; मुलांची सुरक्षितता हे नंतर जोडलेले कारण आहे. तेव्हा पुढच्या सभेत फिल्टरच्या वार्षिक बिलाला मंजुरी मागितली गेली की पालकांनी दोन प्रश्न विचारावेत. संगणक खोलीत मुलांबरोबर बसणाऱ्या माणसाच्या मानधनाची तरतूद किती आहे? आणि ती शून्य असेल, तर ती मिळावी म्हणून पंचायत समितीकडे आणि अलिबागच्या जिल्हा परिषदेकडे शाळेने आजवर किती पत्रे पाठवली?